चिठ्ठीतलं नाव

चांदणी चौक ओलांडून पौडच्या रस्त्याला लागलं की बावधन मागे पडतं आणि भूगाव येतं. तलाव अजून जागेवर आहे. भातखाचरं मात्र शोधावी लागतात, कारण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता लॉन्स आणि मंगल कार्यालयं उभी आहेत. लग्नसराईत एका लॉनवर साखरपुडा, शेजारी वरात आणि पलीकडे वलीमा एकाच वेळी चालू असतो. पाहुणा चुकून दुसऱ्याच्याच पंगतीत जेवून आला, तरी त्याला घरी गेल्यावर कळतं.

गेल्या हिवाळ्यात अशाच एका वलीम्याला आम्ही गेलो होतो. मुलाकडच्यांनी डीजेला फाटा दिला होता. चांगलंच केलं. पण तरुण पोरांना काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी मनातलं ओळखणारा एक कलाकार बोलावला होता. मुलगा आपल्यातलाच, तिशीच्या आतला. साधा कोट आणि हातात एक पाटी, एवढंच त्याचं सामान. त्याने दुल्ह्याच्या फुफीला उभं केलं आणि लहानपणीच्या मैत्रिणीचं नाव चिठ्ठीवर लिहून घडी घालून स्वतःच्याच पर्समध्ये ठेवायला सांगितलं. मग तो थोडा वेळ त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. दोन-चार प्रश्न विचारले आणि पाटीवर खडूने नाव लिहून पाटी सगळ्यांपुढे फिरवली. फुफींनी तोंडावर हात ठेवला. चाळीस वर्षांपूर्वी सासरी गेलेल्या मैत्रिणीचं नाव! पहिल्या रांगेतले मौलानासाहेब खुर्चीत चुळबुळ करायला लागले.

शेवटी त्या मुलाने माईक घेतला आणि स्वच्छ सांगितलं, की मला कुणाच्या मनातलं काहीही कळत नाही, गैबचं इल्म फक्त अल्लाहकडे आहे. मी दाखवली ती हातचलाखी होती, त्यात थोडं मानसशास्त्र आणि पुष्कळ सराव. उद्या कुणी तुम्हाला याहून जास्त काही सांगितलं तर पहिल्यांदा आपलं पाकीट सांभाळा.

लोक हसले, टाळ्या पडल्या. जेवताना फुफी माझ्या पत्नीला हळूच म्हणाल्या, "असं म्हणावं लागतं गं त्यांना. पण त्या मुलाकडे काहीतरी आहे."

त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. एक माणूस माईकवरून सांगतो की माझ्याकडे काही नाही, आणि ऐकणारा म्हणतो की आहेच. जेवण झाल्यावर त्या मुलाला गाठलं. दिवसा हिंजवडीत नोकरी आणि शनिवार-रविवारी प्रयोग, असं त्याचं आयुष्य. युक्ती कशी केली हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ज्याची त्याची रोजी. पण त्याने एक गोष्ट सांगितली. प्रयोगाचा पाऊण तास सोपा असतो, म्हणाला, अवघड असतो त्यानंतरचा अर्धा तास. लोक एकेकटे येतात आणि आवाज खाली करतात. हरवलेली पाटली कुणी नेली, मुलीसाठी आलेलं स्थळ चांगलं आहे का, नवऱ्याचं बाहेर काही आहे का. एकदा एक म्हातारी पार्किंगपर्यंत मागे आली. मुलगा आखातात, चार महिने फोन नाही. तो ठीक आहे का, एवढंच तिला ऐकायचं होतं. "ठीक आहे म्हणालो असतो तर तिने माझे हात डोळ्यांना लावले असते," तो म्हणाला. "मी म्हटलं, अम्मी, मला नाही कळत. नंबर द्या, मी फोन लावून देतो."

मला तो मुलगा त्या फोनमुळे आवडला.

या कलेला मोठा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये स्टुअर्ट कंबरलंड नावाचा गृहस्थ मनातलं ओळखण्याचे प्रयोग करायचा. राजेराजवाडे आणि मंत्री त्याला घरी बोलावत. त्याचा नावाजलेला खेळ असा: तुम्ही एखादी टाचणी किंवा अंगठी घरात कुठेतरी लपवायची आणि फक्त त्या जागेचा विचार करायचा. तो डोळ्यांवर पट्टी बांधून तुमचं मनगट धरायचा, तुम्हाला ओढत खोलीभर फिरायचा आणि नेमक्या जागी हात घालायचा. १८८८ मध्ये त्याने आपल्या अनुभवांचं आणि विचारांचं पुस्तक लिहिलं. आत्म्यांशी बोलतो म्हणणाऱ्यांवर त्याचा दात होता. माझ्याकडे दैवी काही नाही, असं तो सांगत आला. विचार वाचता येत नाहीत, स्नायू वाचता येतात, हे त्याचं म्हणणं. अंगठीपासून दूर जाताना तुमचा हात किंचित अडतो, तिच्या दिशेला वळताना किंचित सैल पडतो. हे तुम्हाला कळत नाही, पण मनगट धरणाऱ्याला कळतं.

भूगावच्या लोकांना हे वेगळं समजवायला नको. डिसेंबर २०१७ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा याच गावात झाली, पुण्याच्या अभिजित कटकेने साताऱ्याच्या किरण भगतला हरवून गदा घेतली. कुठल्याही वस्तादाला विचारा. खडाखडी चालू असते, हाताला हात भिडलेले असतात, तेव्हा पैलवान समोरच्याच्या डोळ्यांवर विसंबत नाही. भार कुठल्या पायावर आहे आणि डाव कुठून येणार, हे त्याला पंजातून कळतं. त्याला आपण अंतर्ज्ञानी म्हणत नाही, मेहनती म्हणतो.

आणि आपला नंदीबैल? लहानपणी दारात नंदीवाला यायचा. पाऊस पडेल का, पोरगा पास होईल का, विचारलं की नंदी मान हलवायचा. मालकाचं गुबगुबं कधी वाजतं आणि दोरीला हिसका कधी बसतो, हे मोठ्यांना माहीत असायचं, तरी नंदीने होकार दिला की आईचा चेहरा खुलायचाच. जर्मनीत शंभर वर्षांपूर्वी हान्स नावाच्या घोड्याने असंच सगळ्यांना वेड लावलं होतं. बेरीज विचारा, तो खुराने तेवढे ठोके द्यायचा. मालक लबाड नव्हता, त्याचा स्वतःचाही पूर्ण विश्वास होता. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने छडा लावला. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल तर घोड्यालाही ते येत नव्हतं. बरोबर ठोक्याशी माणसाची मान नकळत हलायची, श्वास सुटायचा, आणि घोडा तेवढं बघून थांबायचा. उत्तर देणारा घोडा नव्हता, विचारणाराच होता. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल म्हणून ध्यानात असू द्या.

आता एका खुदाबख्शची हकिगत. १९०५ मध्ये काश्मीरच्या अखनूर भागात जन्मलेला हा माणूस 'कुडा बक्स' या नावाने विलायतेत आणि अमेरिकेत गाजला. १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये हॅरी प्राइस या संशोधकाच्या देखरेखीखाली तो निखाऱ्यांवरून चालला. त्याचा खरा खेळ डोळ्यांचा. लोक त्याच्या डोळ्यांवर मळलेल्या कणकेचे गोळे थापायचे, वर कापूस, वर पट्ट्यांवर पट्ट्या, आणि तो समोर धरलेलं पुस्तक वाचून दाखवायचा. १९५० मध्ये अमेरिकेच्या टीव्हीवर त्याचा कार्यक्रम लागला. त्या कार्यक्रमाच्या नावात त्याला 'हिंदू गूढवादी' म्हटलं होतं! बाजारात जे खपतं ते लेबल लागतं. खुदाबख्श हे नाव तिथे खपलं नसतं. मन एकाग्र करून आपण ही दृष्टी मिळवली, असं तो सांगत राहिला. जादूगार मंडळी हसतात आणि म्हणतात, कितीही पट्ट्या बांधा, नाकाच्या कडेने फट राहतेच. म्हातारपणी त्याला काचबिंदू झाला आणि त्याची नजर गेली. पट्टीआडून वाचणारा माणूस पट्टी नसतानाही वाचू शकेना. १९८१ मध्ये तो लॉस एंजेलिसमध्ये वारला. कंबरलंडएवढा तो मोकळा असता तर मला जास्त आवडला असता, पण त्याने कुणाचं घर मोडलं नाही. लोकांनी तिकीट काढलं, नवल पाहिलं आणि घरी गेले.

आपल्या पुण्याकडे जादूगार रघुवीर होऊन गेले. चाकणजवळच्या आंबेठाणचे. मुलगा आणि नातू अशा पुढच्या दोन पिढ्यांनी त्यांची कला चालवली. मराठी माणसाने जादूवर इतकं प्रेम केलं आणि जादूगारानेही तिला कायम 'प्रयोग' म्हटलं. नाटकाचा प्रयोग, तसा जादूचा प्रयोग. हा शब्द मला फार प्रामाणिक वाटतो. तिसरी घंटा होते, पडदा उघडतो, पडदा पडतो.

पडदाच नसला की गडबड सुरू होते.

जानेवारी २०२३ मधलं नागपूरचं प्रकरण आठवत असेल. एका कथावाचक महाराजांचा दरबार भरला होता. समोरच्याने तोंड उघडण्याआधीच त्याची अडचण कागदावर उतरलेली असते, अशी त्यांची ख्याती. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या श्याम मानव यांनी आव्हान दिलं, की आम्ही आणू त्या माणसांची नावं, वयं, फोन नंबर ओळखा, शेजारच्या खोलीतल्या वस्तू सांगा आणि ३० लाख रुपये घेऊन जा. नागपुरात ती परीक्षा झाली नाही, महाराजांनी रायपूरला या म्हटलं. पोलिसांनी चित्रफिती तपासून कायद्याचा भंग दिसत नाही असं कळवलं. त्या दिवसांत सुहानी शाह हिला वाहिन्यांनी बोलावलं. ही मुलगी सातव्या वर्षापासून रंगमंचावर आहे, शाळा तिने पहिल्या यत्तांतच सोडली. तिने कॅमेऱ्यासमोर लोकांच्या मनातलं लिहून दाखवलं आणि सांगितलं, की ही कला आहे, शिकता येते, यात चमत्कार नाही.

त्या महाराजांचं नाव मी इथे घेत नाही. आपल्याकडे तेव्हा त्या चित्रफिती व्हॉट्सॲपवर मोठ्या चवीने फिरल्या, 'बघा यांचे बाबा' म्हणून. शेजाऱ्याच्या बाबाकडे बोट दाखवणं सोपं असतं. मुंबईच्या लोकलच्या डब्यात चिकटवलेली 'बंगाली बाबां'ची पत्रकं काय म्हणतात? वशीकरण, सौतन से छुटकारा, चोवीस तासांत खात्रीशीर काम. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला. त्याखाली पहिली अटक सप्टेंबरात नांदेडमध्ये झाली. एड्स, कर्करोग, मधुमेह चमत्काराने बरा करतो असा दावा करणारे दोघे जण होते. दोघांचीही नावं आपल्यातलीच.

आमिलासमोर बसल्यावर काय घडतं, ते पाहू. दुआ, दम, तावीज यावर आलिमांमध्ये वेगवेगळी मतं आहेत, त्या वादात मला शिरायचं नाही. प्रश्न फक्त एवढाच: त्याला तुमच्या घरातलं कळतं कसं?

अमेरिकेत पीटर पॉपऑफ नावाचा धर्मोपदेशक हजारोंच्या सभेत एकेकाला नावाने हाक मारून त्याचा आजार आणि पत्ता सांगायचा. लोक रडायचे, पैसे द्यायचे. १९८६ मध्ये जेम्स रँडी या जादूगाराने रेडिओचा शोधक लावून हवेतला आवाज पकडला. पडद्यामागून पॉपऑफची बायको बोलत होती आणि त्याच्या कानात छोटा रिसीव्हर होता. सभेआधी लोकांकडून प्रार्थनेसाठी माहितीची कार्डं भरून घेतली जात, तीच ती वाचत होती. आपल्याकडे कानात यंत्र लागत नाही. बाहेरच्या बाकड्यावर एक खिदमतगार बसलेला असतो. "कुठून आलात बाजी? फार दमलात. घरी कोण कोण असतं?" तासभर तो सहानुभूतीने ऐकतो, मग पाणी द्यायला आत जातो. शिवाय बाकड्यावरच्या बायका आपसात बोलतातच. दवाखान्याच्या बाकावर बसून कुणी गप्प राहिलंय का?

पण याचीही गरज पडत नाही. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात 'तुझ्या स्वभावाचं वर्णन' म्हणून एक कागद दिला. किती बरोबर आहे, याला पाचपैकी गुण द्या, म्हणाला. सरासरी ४.२६ पडली. सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता, आणि तो बाजारातल्या राशिभविष्याच्या पुस्तकातून जुळवलेला होता. आपल्या घरातल्या कोणत्याही बाईला सांगून पाहा: "तुम्ही सगळ्यांसाठी झिजता, पण तुमची कदर कुणाला नाही. वरून हसता, आतून कुढता. घरातलंच एक माणूस तुमच्यावर जळतं." तिचे डोळे भरून येतील. पुरुषासाठी दुसरं वाक्य आहे: "पैसा हातात येतो, टिकत नाही." हे ज्याला लागू नाही असा एक तरी गृहस्थ मला दाखवा.

नंतरचं काम आपण स्वतः करतो. आमिल अर्धा शब्द टाकतो आणि पूर्ण आपण करतो. तो दहा गोष्टी बोलतो, त्यातल्या आठ वाया जातात, आणि घरी येऊन आपण लागलेल्या दोनच सांगतो. या अर्ध्या शब्दावरून हदीसमधला एक प्रसंग आठवतो, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मदीनेत इब्न सय्याद नावाचा एक मुलगा होता, त्याला अदृश्यातलं कळतं अशी बोलवा होती. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः त्याच्याकडे गेले, सोबत हजरत उमर (रजि.) होते. प्रेषितांनी मनात एक गोष्ट धरली आणि ती ओळखायला सांगितलं. मुलगा म्हणाला, "दुख." भाष्यकार सांगतात की मनात सूरह 'दुखान' होती. म्हणजे उत्तर अर्धवट आलं. तू तुझ्या मर्यादेपुढे जाऊ शकणार नाहीस, असं प्रेषितांनी त्याला सुनावलं. हजरत उमर यांनी तलवारीची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. मला यात दोन गोष्टी दिसतात. ऐकीव गोष्टीवर विश्वासही ठेवला नाही आणि दंगाही केला नाही, आधी समोर बसून परीक्षा घेतली. आणि अर्ध्या उत्तराला पूर्ण गुण दिले नाहीत. आपण नेमकं उलटं करतो. परीक्षा घेत नाही आणि गुण मात्र भरभरून देतो.

कुरआनच्या सूरह आराफमध्ये प्रेषितांना लोकांना असं सांगण्याचा आदेश आहे, की मला गैब ठाऊक असतं तर मी स्वतःसाठी पुष्कळ भलं गोळा केलं असतं आणि मला कसला त्रास शिवला नसता. खुद्द प्रेषितांचं हे, तर भाड्याच्या गाळ्यात बसून पाचशे एक रुपये मागणाऱ्याचं काय? त्याला तुमच्या जावेच्या मनातलं कळतं, पण गाळ्याचं भाडं वाढणार आहे हे आधी कळत नाही.

हे हसण्यावारी नेता आलं असतं. आमच्या लांबच्या नात्यातल्या एका घरात जे झालं, ते पाहिल्यावर मला हसू येत नाही.

दोन भाऊ, एकच घर, एकच चूल. धाकट्याच्या बायकोचे लागोपाठ दोन गर्भपात झाले. सासू सुनेला घेऊन एका आमिलाकडे गेली. सून पुढे सगळं सांगत होती, तिला प्रत्येक वाक्य पाठ आहे. आमिलाने विचारलं, घरात बायका किती? सासू म्हणाली, तीन. तो म्हणाला, त्यातली एक वरून गोड आहे. सासू गप्प. तो म्हणाला, तिला मुलं आहेत. सासूने मान हलवली. तो म्हणाला, नावात 'श' आहे किंवा 'स' आहे. आता शबाना, शमीम, शाहीन, सलमा, सायरा, सुरैया, आपल्या घरांतून हे अक्षर चुकवणं मुश्कील. सासूच्या तोंडून मोठ्या सुनेचं नाव बाहेर पडलं. आमिलाने डोळे मिटले. "मी नाव घेत नाही, अम्मा. तुम्ही समजून घ्या."

बर्लिनचा तो घोडा आठवला ना? मान कुणी हलवली?

घरी आल्यावर मोठ्या सुनेच्या हातचं खाणं बंद झालं. तिची मुलं धाकटीच्या खोलीत गेली की कुणीतरी उचलून बाहेर आणायचं. एक दिवस तिच्या उशीची शिवण उसवून पाहिली, आत काही आहे का म्हणून. कापसाशिवाय काही निघालं नाही, तर म्हणे तिने आधीच काढून टाकलं असणार. मोठा भाऊ वर्षभर मधल्यामध्ये चेंगरत राहिला आणि शेवटी वेगळा झाला. वाटणीत भिंत घातली गेली. ईदला दोन्हीकडे शीरखुर्मा होतो, वाटी इकडची तिकडे जात नाही. अम्मी दोन्ही घरांतला खातात आणि दोन्ही घरांत गप्प असतात.

पुढे धाकटीला एका डॉक्टरीणबाईंनी रक्ततपासणी करायला लावली. थायरॉईड निघालं. अंगठ्याच्या नखापेक्षा लहान गोळी, रोज सकाळी उपाशीपोटी. तिसऱ्या खेपेला दिवस पूर्ण भरले, मुलगी झाली.

तेव्हा धाकटी आपण होऊन भिंतीपलीकडे गेली. भाभी, त्या आमिलाने आमचा घात केला, म्हणाली. मोठीने चहा टाकला, कप तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "त्याने माझं नाव कुठे घेतलं होतं? नाव तर अम्मींनी घेतलं. आणि तू तिथे बसली होतीस."

यावर धाकटीजवळ उत्तर नव्हतं. माझ्याजवळही नाही. युद्धात ऐन तलवारीखाली कलमा म्हणणाऱ्याला हजरत उसामा (रजि.) यांनी मारलं, तो भीतीने म्हणाला असं त्यांना वाटलं. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना विचारलं होतं, तू त्याचं हृदय फाडून पाहिलंस का? हा प्रश्न आपण जुम्म्याच्या बयानात अनेकदा ऐकलेला असतो. रणांगणावरच्या माणसाला तो विचारला गेला. स्वयंपाकघरात, कपाट उघडताना, उशी उसवताना तो कुणाला आठवत नाही.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण आपल्या घरांत हे कुणी सांगत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने संमत केलेला महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा सर्व धर्मांच्या लोकांना सारखाच लागू आहे. चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं हा त्यात गुन्हा आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण अमुक माणूस करणी करतो, काळी जादू करतो असं सांगून किंवा तसा समज पसरवून त्याचं जगणं अवघड करणं, हाही त्याच कायद्याच्या अनुसूचीत गुन्हा आहे. शिक्षा किमान ६ महिने आणि ७ वर्षांपर्यंत, दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते, शिवाय या कामासाठी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूद कायद्यात आहे. नाव पुटपुटून नामानिराळा राहणारा आमिल या कलमात बसतो. ते नाव गल्लीत फिरवणारे नातेवाईकही बसू शकतात. म्हणूनच बहुधा तक्रार होत नाही. आमिलाला चौकीत न्यायचं तर सासूलाही न्यावं लागेल, आणि कोणती सून ते करणार?

मोठ्या सुनेनेही केली नाही. मुलीच्या अकीक्याला ती आली. नव्या कपड्यांचा जोड आणला, बाळाच्या हातात नोट ठेवली, दाराजवळच्या खुर्चीवर थोडा वेळ बसली. दस्तरखान पसरायला लागले तेव्हा मुलांचा अभ्यास आहे म्हणाली आणि उठून गेली.